लूमखात्यातलं बोलणं

बाबा, तुम्ही लहानपणी बोलायला कधी लागलात? दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, की त्याहूनही उशिरा? हा प्रश्न मला इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. दादाच्या मुलीला घेऊन मी गेले होते. डॉक्टर कागदावर एकेक गोष्ट लिहून घेत होते. आईकडे कुणाला बोलायला उशीर झाला होता का, वडलांकडे कुणाला, मग आजोबा-आजी. मी म्हटलं, "आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली." ते मान वर न करता म्हणाले, "हो, पण ते कधी बोलायला लागले?" त्यांनी त्या जागी एक आडवी रेघ मारली आणि पुढे गेले. बारा वर्षांत मला तुमची आठवण पुष्कळदा आली. मॅट्रिकच्या निकालाला आली, पदवी घ्यायला गेले त्या दिवशी तर फारच आली. पण ती नेहमी माझ्या कौतुकासाठी आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही हवे होतात ते काही विचारण्यासाठी. मी घरी येऊन गावच्या आतेला कार्ड टाकलं. तिने शेजारच्या कुणाकडून उत्तर लिहून पाठवलं, तो कधी फारसा बोललाच नाही, गुरांमागे असायचा, बोलला काय आणि न बोलला काय, बघायला कोणाला सवड होती.

आमची छोटी तुम्ही पाहिलेली नाही. दादाचं लग्न तुमच्यानंतर झालं. छोटी आता साडेसहा वर्षांची आहे. वहिनी गिरणीत लागलेल्या गाववाल्यांना पैसे घेऊन जेवण घालते, दोन पाळ्यांचे मिळून सात जण जेवतात. त्यातला कोण कुठल्या पाटावर बसतो, कोणाला आमटीत वरून तिखट लागतं, कोण भाकरीचा पापुद्रा काढून आधी खातो, हे छोटीला सगळं माहीत असतं. जिन्यावरचं पाऊल ऐकून ती ताट घेते आणि ते ताट कधी चुकत नाही. म्हणजे ऐकू येतं, समजतं, लक्षात राहतं. जीभ नीट आहे, टाळू नीट आहे. तरी शब्द येत नाही. "आ" येतो, "मा" येतो, कधी "बा" येतो, तोही आज आला म्हणून उद्या येईल असं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर अप्रॅक्सिया असं लिहून दिलं. मी अर्थ विचारला तेव्हा ते म्हणाले, बोलायचं काय ते हिला ठाऊक आहे, बोलायचं अंगही शाबूत आहे, पण ओठ आधी की जीभ आधी, त्यात आवाज केव्हा घालायचा, हे जुळवायचं काम मेंदूत होतं आणि तिथे हिचं अडतं. यावर औषध नाही, शिकवणं आहे. रोजचं, पुष्कळ वर्षांचं.

मी तुम्हाला हे सांगते आहे आणि डोळ्यांसमोर तुमचं तोंड येतं आहे. दिवसपाळी सुटल्याचा भोंगा होतो, तुम्ही येता, भुवयांवर कापूस असतो. नळावर हातपाय धुऊन तुम्ही दारात उभे राहता आणि बोलायला लागता, तेव्हा तुमचे ओठ मोठे होतात, गाल ताणले जातात, प्रत्येक अक्षर वेगळं होतं आणि आवाज मात्र जेमतेम निघतो. गिरणीच्या लूमखात्यात कापड विणणारे शेकडो साचे एकदम चालतात, तिथे ओरडून काही होत नाही, तिथे माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, हे मला पुढे कळलं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचे बाबा असेच बोलतात. आणि आमच्या मजल्यावर खरोखरच सगळ्यांचे बाबा तसेच बोलायचे. गॅलरीच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी बोलायचा आणि मधल्या खोलीतलं तान्हं मूल जागं व्हायचं नाही. एकदा तुम्ही मला काही सांगत होतात आणि मी खिडकीबाहेर बघत "हं, हं" करत होते. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलंत. "बोलतोय ना मी? मग बघ." तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण हनुवटीवरची ती बोटं मला माराइतकी लागली. मी म्हटलं, "ऐकते आहे की." तुम्ही म्हणालात, "तोंड फिरवून कोण ऐकतं?" तुमच्या लेखी तोंड फिरवलेल्या माणसाने ऐकलेलंच नसायचं.

मग मी इंग्रजी शाळेत गेले आणि मला तुमची लाज वाटू लागली. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा मनातही म्हटलं नव्हतं. दादरच्या एका मैत्रिणीने फाटकापाशी तुम्हाला पाहिलं आणि विचारलं, "तुझे वडील असं तोंड का वेडंवाकडं करतात?" मी म्हटलं, "दात दुखतात त्यांचे." तुम्ही चार पावलांवर उभे होतात. ऐकू तुम्हाला कमीच यायचं, पण माझे ओठ तुम्हाला दिसत होते. घरी जाताना तुम्ही माझ्या मागून दोन पावलं ठेवून चाललात. दुसऱ्या दिवशी तुमचा दाढीचा गोल आरसा तुम्ही खिळ्यावरून काढून माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवलात आणि म्हणालात, "शाळेत जाताना भांग सरळ असावा." त्यानंतर तुम्ही दाढी गल्लीतल्या न्हाव्याकडे करायला लागलात. मला वाटलं, बक्षीस मिळालं. त्या दोन दिवसांचा एकमेकांशी संबंध असेल हे मला फार उशिरा सुचलं, आणि सुचलं तेव्हा विचारायला तुम्ही नव्हतात.

छोटीसाठी आम्ही काय काय केलं ते सांगते. वहिनीने वेखंड उगाळून जिभेला लावलं, मध चाटवला, प्रभादेवीच्या गणपतीला नवस बोलली. एका वैद्याने जीभ उचलून बघितली आणि म्हणाला, खालची शीर तोडू या. मी नको म्हटलं, दादा हो म्हणत होता, वहिनी रडली म्हणून ते राहिलं. मग शाळेत घालायला नेलं. हेडमास्तरांनी नाव विचारलं. छोटीने हनुवटी वर करून आपलं नाव सांगितलं, ओठ मला कळतील असे हलले, आवाज आला तो नुसता "आआ". ते म्हणाले, "ही मुकी आहे. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत न्या." तिथे नेलं, तर तिथल्या बाईंनी पाठीमागे घंटा वाजवली, छोटी झटकन वळली. त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय हिला. आमच्याकडे जागा बहिऱ्या मुलांसाठी आहेत." ट्रामची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो. छोटीने माझ्या साडीच्या निऱ्या मुठीत धरल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होती की आता आत्या काय म्हणते.

तेव्हा मी ठरवलं की मीच शिकवीन. मी बी.ए. झालेली, म्युनिसिपल शाळेत सकाळी बालवर्गाला शिकवणारी, संध्याकाळी चाळीच्या कमिटीत पत्रकं वाटणारी. आपली भाषा, आपलं राज्य यावर मी त्या दिवसांत गॅलरीत उभी राहून दहा मिनिटं न थांबता बोलू शकत असे. मला वाटलं, निश्चय हवा. एका कडक दुपारी छोटी खेळून आली आणि तिने माठाकडे बोट केलं. मी पेला भरला आणि हातात धरून ठेवला. "पाणी म्हण. मग देते." तिने तोंड उघडलं. "मा" आलं. मी म्हटलं, "पा. पाणी." तिने पुन्हा प्रयत्न केला, जीभ आतल्या आत कुठेतरी अडकल्यासारखी झाली, मान ताणली, डोळ्यांत पाणी आलं. मी पेला मागे घेतला. बाबा, तिने स्वतःच्या तोंडावर चापट मारली. एक, मग दुसरी, जोरात, ओठांवर, जसं काही चुकणारं ते कुणी दुसरंच होतं. वहिनी चुलीपासून उठून आली, तिने माझ्या हातातून पेला घेतला आणि छोटीच्या तोंडाला लावला. मला म्हणाली, "खूप शिकलंस गो तू. आधी तिका पाणी दी."

त्यानंतर मी पुन्हा इस्पितळात गेले आणि डॉक्टरांसमोर हट्टाने बसून राहिले. त्यांनी शेवटी एक पत्ता दिला. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एक ख्रिस्ती बाई, गिरगावात खोताच्या वाडीत राहतात, दुपारी घरीच चार-पाच मुलांना बोलायला शिकवतात. लाकडी घर, पुढे ओटा, ओट्यावर दोन वेताच्या खुर्च्या आणि मुलांसाठी एक बाक. बाई पन्नाशीच्या, फ्रॉक घालतात, मराठी आपल्यासारखीच बोलतात, मध्येच त्यांच्या वाडीतला हेल येतो. "काय गो बाय, ये," त्यांनी छोटीला जवळ बसवलं आणि मला विचारलं, "पाच वर्षं होईपर्यंत कोणाला कळलं कसं नाय?" मला राग आला. मी सांगायला सुरुवात केली की आम्ही लक्ष देत होतो, की घरात कामं असतात. तेवढ्यात छोटीने माझा हात ओढला आणि ओठांनी विचारलं, घरी केव्हा जायचं. मी तिला उत्तर दिलं आणि बाईंकडे वळून पुढे बोलू लागले. बाईंनी हात वर केला.

"थांब, टीचर. आता काय केलंस तू?"

"कुठे काय? थोड्या वेळाने जाऊ, म्हटलं तिला."

"म्हटलंस? आवाज कुठे होता तुझा?"

मला काही समजेना. मग समजलं. मी छोटीशी लूमखात्यातलं बोलले होते, नुसत्या ओठांनी. बी.ए. झालेली मी, जिने तुमच्या दातदुखीचं खोटं सांगितलं ती मी. मला माहीतही नव्हतं की मी असं बोलते. बाईंनी मग एकेक गोष्ट विचारली आणि मी सांगत गेले. दादा तुमच्या जागी लागला, आता त्याचेही कान गेल्यात जमा आहेत. तो घरी येतो, दारातून ओठांनी काही विचारतो, छोटी कोपऱ्यातून ओठांनी, बोटांनी, भुवयांनी उत्तर देते, दोघं हसतात. दादा लेकीला जवळ ओढून अभिमानाने सगळ्यांना सांगतो, माझा चेडू जन्मापासून लूमखात्यातला आहे. दुसऱ्या कुठल्याही घरात दोन वर्षांची मुलगी बोलत नाही म्हणून आरडाओरडा झाला असता. आमच्या घरात ती बोलत होती. आम्हाला सगळं कळत होतं. आवाज नाही हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तो आम्ही शोधतच नव्हतो. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हिला इतकं लवकर समजून घेऊ नका. थोडं थांबा. तिला वाट काढू दे."

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला. "म्हणजे आपल्या पोराचा बापाशीन समजान घेवचा नाय?" मी म्हटलं, समजायचं, पण लगेच समजल्यासारखं करायचं नाही. तो म्हणाला, "माका ता सोंग जमूचा नाय. माका कळता, तर कळता." आणि छोटीकडे बघून ओठांनी काहीतरी म्हणाला. ती हसली. वहिनी म्हणाली, "झाला. गिरगावची बाई एक सांगता, बापूस दुसरा." बाबा, त्याचं चुकत होतं असं मला मनापासून म्हणता येईना. दिवसभर साच्यांच्या आवाजात उभं राहून आलेल्या माणसाला घरात एकच माणूस असं होतं की ज्याच्याशी बोलताना त्याला कानावर हात धरून "काय?" म्हणावं लागत नव्हतं. ते सुख आम्ही त्याच्याकडून मागत होतो.

आठवड्यातून तीन दुपारी आम्ही जायला लागलो. बाईंची अट एकच, दर वेळी तेच माणूस आलं पाहिजे, बघून शिकलं पाहिजे आणि घरी रोज करून घेतलं पाहिजे. तीन खेपा चुकल्या की जागा दुसऱ्या मुलाला. वहिनीचे दुपारपाळीचे गाववाले त्याच वेळी जेवायला बसतात, दादाची पाळी दर महिन्याला बदलते. माझी शाळा सकाळची, म्हणून मी. मला वाटलं होतं पहिला शब्द "आई" शिकवतील. बाई म्हणाल्या, "आई न बोलता येते, पाणी न बोलता मिळतं. हिला नको म्हणता येत नाय. ते आधी." मी "नको" असं स्पष्ट म्हणून दाखवलं. त्यांनी विचारलं, "घरी काय बोलता? खरं सांग." घरी आम्ही "नाय" म्हणतो. "मग नाय. जे घरात वाजतं तेच." बाई छोटीच्या मांडीवर थाप मारत, तोंड मोठं करत, हळू म्हणायच्या, ना... य. एका दुपारी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या की अशी मुलं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला महिने घेतात, ही पहिल्या दिवसापासून बघते, हे हिला कोणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्याकडे सगळेच बघतात. मग त्या म्हणाल्या, "हिच्या बापाला सांग, तोंड तसंच मोठं ठेव, हळूच बोल, फक्त आवाज घाल." दादाला जमणारी तेवढी एकच गोष्ट होती. तो रात्रीच्या जेवणाआधी पाटावर बसतो, तुमचा आरसा छोटीपुढे धरतो आणि दोघं त्यात बघून "ना, ना, ना" करतात. त्याला स्वतःचाच आवाज नीट येत नाही, म्हणून तो केवढ्याने ओरडतो! वरच्या मजल्यावरून विचारणा होते, "कोणाला नाय म्हणता रे इतकं?"

हरताळाच्या दिवशी ट्रामा बंद होत्या, तेव्हा मी तिला चालवत नेली. लालबागपासून गिरगावपर्यंत. वाटेत मोर्चा लागला, मी कडेने निघाले, ओळखीच्या दोन मुलींनी मला हाक मारली, "अगं, इकडे ये की! कुठे निघालीस उलटी?" मला ओशाळल्यासारखं झालं. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर पत्रकं वाटली ती रस्त्यावर चालली होती आणि मी पोरीचा हात धरून तिच्या विरुद्ध दिशेला चालले होते. बाई ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "येणार नाय असं वाटलेलं." शिवाजी पार्कच्या सभेला मात्र आम्ही सगळे गेलो. दादाने छोटीला खांद्यावर घेतलं होतं. लाखभर माणसं "झालाच पाहिजे" म्हणत होती आणि तिचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. वहिनीने माझा दंड धरला, "बोलली गो! आयकलंस?" त्या गर्दीत काय ऐकू येणार? मी हो म्हटलं. मला ते खरं वाटायला हवं होतं. परतताना दादा म्हणाला, "तुमच्या राज्यात मुक्यांका मत आसा मा गो?" तो थट्टेनेच म्हणाला.

गेल्या महिन्यात ते झालं. दादा पाळीवरून आला, सदरा डोक्यातून काढत होता. सदरा ओला, अंगाला चिकटलेला, त्याचं तोंड पूर्ण आत अडकलं होतं. तसाच आतून म्हणाला, "खाऊ संपलो मा? उद्या आणतंय." खाऊ संपला नव्हता. छोटीने पुरवून खायला म्हणून डबा मागे लपवून ठेवला होता. तिने ओठ हलवले, मग तिच्या ध्यानात आलं की आपल्या बापाला दिसत नाही. ती थांबली. मी बघत होते, बाबा. तिने आपल्याच मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "नाय." आवाज घातलेलं, स्पष्ट, थोडंसं घोगरं. वहिनीच्या हातातली पळी खाली पडली. दादाने सदरा काढला, आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं. "काय झाला?" त्याला ऐकू आलं नव्हतं. वहिनीने सांगितलं, तेही त्याला दोनदा सांगावं लागलं. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "परत बोल गो बाय. एकदाच." तिने तोंड उघडलं. "मा" आलं. मग "आ". मग काहीच नाही. तिचा हात ओठांकडे चालला होता, तो दादाने वाटेतच धरला आणि आपल्या गालावर ठेवला. "ऱ्हवांदे," तो म्हणाला. "घाई नाय." तिथे तुम्ही असायला हवे होतात. तुम्हालाही ऐकू आलं नसतं. पण दादाच्या शेजारी बसायला कुणीतरी हवं होतं, आणि आम्ही दोघी ऐकलेल्या बायका, आम्हाला तिथे बसता येईना.

त्यानंतर तो शब्द पाच वेळा आला आहे. "बाबा" दोनदा आला. बाई म्हणतात, ही बोलेल, पण अजून दोन वर्षं खेप चुकता कामा नये, आता सोडलं तर आहे तेही जाईल. आणि याच दिवसांत मला दादरच्या मुलींच्या हायस्कुलातून बोलावणं आलं. कायमची जागा, वरच्या वर्गांना मराठी आणि इतिहास. तुम्ही म्हणायचात ना, अशा जागी काम कर की जिथे हळू बोललं तरी ऐकू जातं? ती तशी जागा आहे. लांब वर्ग, उंच छत, मुली हात वर करून उभ्या राहतात. मुलाखतीला मी दहा मिनिटं शिकवून दाखवलं आणि मागच्या बाकापर्यंत माझा साधा आवाज पोचला. मला तिथून उठावंसं वाटेना. शाळा अकरा ते साडेपाच.

मी घरी सांगायच्या आधीच दादाला कमिटीतल्या कुणाकडून कळलं होतं. त्याने पेढे आणले होते. मी म्हटलं, छोटीच्या दुपारचं काय? तो म्हणाला, "तुझ्या नोकरेच्या आड माझा चेडू येवचा नाय. बाबांनी तुका कशाक शिकवलान?" मी म्हटलं, बघू काहीतरी. त्याने बघून ठेवलं होतं. "गावाक जायत ता. आते आसा, गुरां आसत. थंय बोलूक कोण सांगता?" वहिनी भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली. मी दोन दिवस दादाशी वाद घातला. तो एकाच गोष्टीवर होता, घरातली एक तरी मुलगी पुढे गेली पाहिजे. छोटीचं जे होईल ते होईल, पण तुझं मोडू देणार नाही. मे महिन्यात गाडीने गावाला न्यायचं त्याने ठरवलंसुद्धा. गावी ती गुरांमागे फिरेल, कुणाला सवड नसेल, आणि आते पुन्हा कुणाकडून तरी कार्ड लिहून घेईल. दादा ऐकणारा नाही हे मला तुमच्यावरून माहीत आहे.

म्हणून मंगळवारी मी हायस्कुलात गेले आणि हेडमिस्ट्रेसबाईंना नकाराचं पत्र दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "लग्न ठरलं का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग विचार करा, जागा शुक्रवारपर्यंत ठेवते." मी म्हटलं, ठेवू नका. तिथून मी म्युनिसिपल शाळेत जाऊन सकाळचा बालवर्ग पुढच्या वर्षीही मीच घेईन असं लिहून दिलं आणि दुपारी छोटीला घेऊन गिरगावला गेले. घरी मी सांगितलं की त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. दादाने एकदाच विचारलं, "दुसरी कोण? त्यांच्यातली असतली." मी म्हटलं, असेल. गावाला न्यायचा विषय आता तो काढत नाही.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, आणि तुमच्याकडे पोचायची सोय नाही, म्हणून लिहिते. मला वाईट वाटलं, बाबा. छोटीसाठी केलं म्हणून समाधान वाटेल असं मला वाटलं होतं, ते अजून आलेलं नाही. परवा दादरला जाताना ट्राम त्या शाळेवरून गेली तेव्हा मी मान खाली घातली. दादा रोज जेवताना त्या शाळेला शिव्या घालतो, आणि मी त्याला घालू देते.